मधमाशीच्या झेपेपलीकडची निलगिरी

निलगिरी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सरळसोट वाढणारे, सालीचे लांब पापुद्रे सोडणारे आणि लावल्यापासून काही वर्षांतच तोडणीला येणारे उंच झाड उभे राहते. या वंशाच्या मूळ भूमीत, म्हणजे ऑस्ट्रेलियात, चित्र बरेच वेगळे आहे. तेथे युकॅलिप्टसच्या सातशेहून अधिक जाती आढळतात. त्यांतील काही नव्वद मीटरच्याही वर जातात, तर काही आयुष्यभर माणसाच्या उंचीच्या आसपासच राहतात. काही जातींची अरण्ये शेकडो किलोमीटर पसरलेली आहेत आणि काही जाती एखाद्या डोंगराच्या एकाच उतारावर उभ्या आहेत. या मोठ्या गोतावळ्यात ‘युकॅलिप्टस रिकर्वा’ नावाची एक जात आहे, जिची रानात नैसर्गिकरीत्या वाढलेली केवळ पाच-सहा झाडे माहीत आहेत. स्थानिक लोक तिला मोंगर्लो मॅली म्हणतात. वर्तमानपत्रांनी ‘हिमयुगातली निलगिरी’ हे नाव अधिक लोकप्रिय केले आहे.

दुर्मीळ वनस्पतींविषयी लिहिताना आकडा सांगून थांबण्याची सवय आपल्याला लागलेली असते. पाच झाडे उरली, दहा उरली, शंभर उरली असे म्हटले की वाचणारा हळहळतो आणि लिहिणाऱ्याचे काम झाले असे वाटते. मोंगर्लो मॅलीच्या बाबतीत मात्र खरी अडचण आकड्यापेक्षा अंतराची आहे, असे मला तिच्याविषयी वाचताना सतत वाटत आले. हीच पाच-सहा झाडे एकाच टेकडीवर शेजारी शेजारी असती, तर तिची गोष्ट कदाचित निराळी झाली असती.

न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिणेकडे, कॅनबेराच्या पूर्वेला, ब्रेडवुड नावाचे जुने गाव आहे. त्याच्या पलीकडे मोंगर्लो ही लहानशी वस्ती लागते. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी ती वसवली. आज तेथे फार थोडी घरे आहेत. १९८५ साली या वस्तीजवळ एक अनोळखी झुडूप अभ्यासकांच्या नजरेस पडले. वनस्पतिशास्त्रज्ञ मायकल क्रिस्प यांनी १९८८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि एक नवी जात जगाला ठाऊक झाली. त्यानंतर शोध वाढला आणि उत्तरेकडे विंडेलामाच्या दिशेने आणखी मोजकी झुडपे सापडली. प्रत्येक ठिकाणी बहुधा एकच झुडूप आणि दोन ठिकाणांमध्ये कित्येक किलोमीटरची रिकामी जागा, अशी ही मांडणी आहे. ‘रिकामी’ हा शब्द मी केवळ या जातीपुरता वापरतो आहे, कारण त्या मधल्या प्रदेशात इतर निलगिरींची रानेच्या राने आहेत.

हा सगळा प्रदेश शोलहेवन नदीच्या वरच्या खोऱ्यातला. समुद्र फार दूर नसला, तरी पठाराच्या उंचीमुळे हवा थंड असते. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असले की थंड हवा सखल भागात साचते आणि सकाळी गवतावर दहिवर गोठलेले दिसते. उतारांवर, जेथे माती थोडी खोल आहे, तेथे निलगिरीची उंच झाडे आहेत. परंतु मधूनमधून असे पट्टे लागतात, जेथे अचानक झाडे संपतात आणि कमरेएवढ्या झुडपांचे दाट रान सुरू होते. तेथील माती उथळ आणि दगडगोट्यांनी भरलेली असते. पावसाळी दिवसांत पाणी मुरायला वेळ लागतो आणि कोरड्या दिवसांत तीच जमीन टणक होते. तिच्यात स्फुरद इतके कमी असते की साध्या शेतपिकाने तेथे तग धरणे कठीण. मोंगर्लो मॅली वाढते ती अशाच खुरट्या, झुडपी रानात.

ब्रेडवुडकडच्या एका रस्त्यालगत अशा खुरट्या रानाचा एक तुकडा मी निवांतपणे पाहिला आहे. त्यात मॅली नव्हती, आणि ती दिसावी अशी अपेक्षाही नव्हती. पण तिच्या शेजाऱ्यांची ओळख झाली. त्यातील मुख्य शेजारी म्हणजे बुटके सुरू, ज्याचे शास्त्रीय नाव ‘अलोकॅझुअरिना नाना’. दुरून पाहिल्यास या झुडपाला पानेच नाहीत, नुसत्या हिरव्या काड्या आहेत असे वाटते. एक काडी तोडून डोळ्यांजवळ धरली की तिच्यावर ठरावीक अंतराने सांधे दिसतात. सांध्यापाशी ती हलकेच ओढली की अलगद सुटते, आणि तुटलेल्या टोकाभोवती बारीक दात्यांचे कडे दिसते. हे दाते म्हणजेच तिची पाने. पाणी वाचवण्यासाठी पानाचा संसार इतका आवरून घेतलेला आहे की सगळे अन्न बनवण्याचे काम काडीकडे आले आहे. शेजारी हाकियाची झुडपे असतात, ज्यांची लाकडासारखी कठीण फळे फांदी मेली किंवा जळली तरच उघडतात. शिवाय टी-ट्री म्हणून ओळखली जाणारी, पाच पांढऱ्या पाकळ्यांची लहान फुले देणारी झुडपे असतात. मोटारीतून जाणाऱ्याला हा सगळा पट्टा निव्वळ ‘झुडपे’ म्हणून दिसतो. अशा पट्ट्यांना पडीक जमीन समजण्याची चूक ऑस्ट्रेलियातील जमीनमालकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आणि त्यांतील बरेच पट्टे नांगरून किंवा मेंढ्यांना चरायला देऊन संपवले.

या शेजाऱ्यांमध्ये मोंगर्लो मॅली ओळखणे सोपे नाही. ती जास्तीत जास्त चारेक मीटर उंच होते आणि जमिनीतून एका खोडाऐवजी अनेक बारीक खोडे वर येतात. निलगिरीच्या अशा बहुखोडी झुडपांनाच ऑस्ट्रेलियात मॅली म्हणतात. तिची पाने निलगिरीची वाटतच नाहीत. आपल्या परिचयाची निलगिरीची पाने लांब, विळ्यासारखी वाकलेली, एकाआड एक लागलेली आणि खाली लोंबणारी असतात. हिची पाने जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, अरुंद, चकचकीत हिरवी आणि समोरासमोर जोडीने लागलेली असतात. प्रत्येक पानाचे टोक खाली मागे वळलेले असते. पुष्कळ निलगिरींमध्ये रोपट्याची पाने समोरासमोर आणि मोठ्या झाडाची पाने वेगळ्या धाटणीची असतात. या जातीत मात्र झाड कितीही म्हातारे झाले तरी पानांची समोरासमोरची मांडणी बदलत नाही. फुले पांढरी, लहान आणि तिनाच्या गुच्छात येतात. उन्हाळ्यात, म्हणजे तेथील जानेवारीच्या सुमारास, तिचा बहर असतो.

आता या झुडपाच्या जमिनीखालच्या भागाकडे यावे लागेल, कारण तिच्या दीर्घायुष्याचे आणि तिच्या अडचणीचेही मूळ तेथेच आहे. पुष्कळ निलगिरींच्या रोपट्यांना अगदी लहानपणीच, बीजपत्रांच्या बेचक्यात, एक लहानशी गाठ येते. ही गाठ पुढे खोडाच्या तळाशी वाढत जाऊन जमिनीत अर्धवट गाडलेला लाकडी गड्डा तयार होतो. या गड्ड्यात दोन गोष्टी साठवलेल्या असतात: पिष्टमय अन्न आणि असंख्य सुप्त डोळे. वणव्याने वरची सगळी खोडे जळून गेली, गोठवणाऱ्या थंडीने मेली किंवा कुणी कुऱ्हाडीने तोडली, तरी गड्डा जिवंत राहतो आणि काही आठवड्यांत त्यावरचे डोळे फुटून नवे धुमारे वर येतात. वर दिसणारे खोड तीस-चाळीस वर्षांचे असू शकते आणि त्याचा गड्डा त्याच्या कितीतरी पट जुना. म्हणून मॅलीचे वय विचारताना नेमके कशाचे वय विचारायचे, हे आधी ठरवावे लागते.

गड्ड्याचे वय मोजण्याची पद्धत अचूक नाही, आणि ती का अचूक नाही हे सांगितल्याशिवाय या झुडपाच्या वयाचे आकडे सांगू नयेत असे मला वाटते. गड्डा बाहेरच्या बाजूने फार सावकाश वाढतो आणि त्याच्या मध्यभागाचे जुने लाकूड कुजून नाहीसे होते. त्यामुळे खोडाप्रमाणे वलये मोजता येत नाहीत आणि सर्वांत जुना भाग हाती नसल्यामुळे कार्बनचे मापनही सुरुवातीपर्यंत पोहोचत नाही. उरतो एकच मार्ग: झुडपाचा पसारा मोजायचा, वाढीचा वेग अंदाजाने धरायचा आणि एकाला दुसऱ्याने भागायचे. वेगात थोडा फरक धरला तरी उत्तर हजारो वर्षांनी बदलते. मोंगर्लो मॅलीच्या एका झुडपासाठी तीन हजारांपासून तेरा हजार वर्षांपर्यंतचे अंदाज सांगितले जातात. बातम्यांमध्ये अर्थातच तेरा हजारच छापले जातात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला मीलप येथे संकरातून झालेल्या एका मॅलीचा समूह आहे. तेथील अनेक झुडपे आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड असल्याचे आढळले आणि त्याचे वय सुमारे सहा हजार वर्षे असावे असे मानले जाते. तेव्हा काही हजार वर्षांचे वय निलगिरीच्या बाबतीत अशक्य कोटीतले मुळीच नाही.

वरचा अंदाज खरा धरला, तर हे झुडूप रुजले तेव्हा शेवटचे हिमयुग संपत होते. सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी, जेव्हा थंडी सर्वाधिक होती, तेव्हा ऑस्ट्रेलियात हिमनद्या केवळ कॉझियस्कोच्या आसपासच्या सर्वोच्च शिखरांवर आणि टास्मानियाच्या डोंगरांत होत्या. बाकीचे दक्षिण पठार बर्फाखाली नव्हते, परंतु ते आजच्यापेक्षा बरेच थंड, कोरडे आणि वाऱ्याने झोडपलेले होते. उंच अरण्ये आडोशाच्या जागी आकसली होती आणि उघड्यावर गवत व खुरटी झुडपे पसरली होती. कमी उंचीच्या, बारीक पानांच्या, जमिनीखाली जीव राखून ठेवणाऱ्या निलगिरीला असा काळ मानवला असणार. पुढे हवा उबदार झाली, पाऊस वाढला, उंच जातींनी चांगली माती व्यापली आणि झुडपी राने फक्त ज्या जमिनीवर उंच झाडांचा निभाव लागत नाही अशा तुकड्यांवर उरली. मोंगर्लो मॅली त्या तुकड्यांवर अडकून राहिली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. तो मला पटतो, कारण तिची झुडपे सापडलेल्या जागा विखुरलेल्या असल्या, तरी त्यांचा स्वभाव सारखाच आहे.

एवढे दीर्घायुष्य लाभलेल्या झाडाची काळजी कशासाठी करायची, असे कुणी विचारील. उत्तर त्याच्या फुलात आहे. निलगिरीच्या कळीवर एक टोपी असते. ती गळून पडली की आत दाबून बसलेले पुंकेसर एकदम पसरतात आणि तोच आपल्याला फुलाचा झुबका म्हणून दिसतो. पुंकेसर आधी पराग सोडतात आणि कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचे टोक, काही दिवसांनी चिकट होऊन पराग स्वीकारायला तयार होते. त्यामुळे एका फुलाचा पराग त्याच फुलावर पडून फारसा उपयोग होत नाही. झाडावरची सगळी फुले मात्र एकाच दिवशी उमलत नाहीत, म्हणून एका फुलाचा पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलावर पोहोचू शकतो. तेथे दुसरा अडसर येतो. निलगिरींमध्ये स्वतःच्याच परागाने बी धरण्याचे प्रमाण कमी असते, आणि जे बी धरते त्यातून उगवणारी रोपे बहुधा दुबळी, खुजी आणि अल्पायुषी निघतात. अरण्यात हजार झाडांमध्ये उभ्या असलेल्या झाडाला याची झळ लागत नाही, कारण त्याला चहूबाजूंनी पराग मिळत असतो. जिचा सर्वांत जवळचा नातलग कित्येक किलोमीटरवर आहे, तिच्यासाठी हाच नियम शिक्षा ठरतो.

लहान पांढऱ्या फुलांवर मधमाश्या, माश्या, गांधीलमाश्या, भुंगेरे असे कीटक येतात. त्यांतील बहुतेक कीटक जवळपासच फिरतात. मधमाशी काही किलोमीटर जाऊ शकते. पण तिने एका झुडपावरून निघून वाटेतली फुललेली शेकडो झाडे ओलांडावीत आणि नेमक्या दुसऱ्या मोंगर्लो मॅलीवर जाऊन बसावे, अशी अपेक्षा करणे फोल आहे. बियांचेही तसेच आहे. निलगिरीच्या बीला ना पंख असतात ना पक्ष्यांना आवडणारा गर. ते झाडाच्या आसपासच पडते, आणि चार मीटरच्या झुडपाचे बी तर अगदी पायथ्याशीच. थोडक्यात, हजारो वर्षे या झुडपांनी वणवे, दुष्काळ आणि गोठवणाऱ्या रात्री सोसल्या, पण रानात त्यांच्या पायाशी नवे रोप आलेले अभ्यासकांना दिसलेले नाही. जमिनीखालच्या गड्ड्याने व्यक्तीला इतके चिवट केले की जातीचे खुंटणे कित्येक शतके कुणाच्या लक्षातही येऊ नये.

यावर सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे कलमे करणे. फळबागेत आपण हेच करतो: चांगल्या झाडाची फांदी घ्यायची, तिला मुळे फोडायची किंवा दुसऱ्या खुंटावर बांधायची. प्रौढ निलगिरीच्या फांद्यांना मुळे फुटणे अवघड असते, म्हणून खुंटावर कलम बांधणे किंवा ऊतिसंवर्धन हे मार्ग वापरावे लागतात. विम्याची तरतूद म्हणून कलमांना महत्त्व आहे, कारण मूळ झुडूप जळून किंवा रोगाने गेले तरी त्याचे गुण उद्यानात शिल्लक राहतील. पण कलम म्हणजे तेच झाड दुसऱ्या जागी. एका झुडपाची पन्नास कलमे शेजारी शेजारी लावली, तरी ती आपापसांत पराग देऊन घेऊन सशक्त बी धरणार नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या झुडपांची कलमे एकत्र लावून ती फुलू दिली तरच अंतराचा प्रश्न सुटतो, आणि माझ्या मते कलमांचा खरा उपयोग तोच आहे.

दुसरा मार्ग म्हणजे मधमाशीचे काम माणसाने हाती घेणे. निलगिरीच्या लागवडीत नवे वाण तयार करणाऱ्यांना हे तंत्र चांगले अवगत आहे. कळीची टोपी गळण्याच्या बेतात असताना ती हाताने काढायची, बारीक कात्रीने सगळे पुंकेसर छाटायचे आणि कीटक येऊ नयेत म्हणून फांदीवर कापडी पिशवी बांधायची. कुक्षी चिकट दिसू लागली की दुसऱ्या झाडाचा पराग काडीने किंवा कुंचल्याने लावायचा आणि पिशवी पुन्हा बांधायची. दोन झाडे एकाच आठवड्यात फुलतील याची खात्री नसते. पण निलगिरीचा पराग कोरडा करून थंड ठिकाणी ठेवल्यास काही महिने टिकतो, त्यामुळे आधी फुललेल्या झाडाचा पराग उशिरा फुलणाऱ्या झाडापर्यंत नेता येतो. फळ पक्व व्हायला पुढे बरेच महिने लागतात. मग लाकडी फळ सुकवून त्यातली धूळ आणि भुसा बाजूला काढून जे मोजके काळे कण उरतात, त्यांत सजीव बी किती आहे हे उगवून पाहूनच कळते. न्यू साउथ वेल्स सरकारच्या ‘सेव्हिंग अवर स्पीशीज’ या कार्यक्रमात मोंगर्लो मॅलीचा समावेश आहे. हाती आलेले बी टिकवणे तुलनेने सोपे असते: निलगिरीचे बी नीट वाळवून उणे वीस अंशांवर ठेवले तर अनेक दशके उगवणक्षम राहते. सिडनीजवळच्या माउंट अॅनन येथील वनस्पतिपेढी आणि कॅनबेराच्या राष्ट्रीय वनस्पतिउद्यानातील बीजपेढी अशी कामे करतात.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. निलगिरीच्या निकटच्या जाती आपापसांत सहज संकरित होतात. स्वजातीयाचा पराग न मिळालेल्या झुडपावर आजूबाजूच्या दुसऱ्या जातीचा पराग पडला, तर बी धरू शकते आणि रोपही उगवू शकते. पण ते रोप मोंगर्लो मॅली नसते. संवर्धन करणारे अशी रोपे वगळतात, आणि जात शुद्ध राखण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तरीही मला वाटते की संकरित रोपे सरसकट टाकून देण्याची घाई करू नये. ज्या जातीकडे जोडीदार मोजकेच आहेत, तिच्या गुणांचा काही भाग संकरातून पुढे जात असेल, तर तोही एक वारसा आहे. त्याला निराळे नाव देऊन, निराळ्या वाफ्यात वाढवून पाहायला हरकत नसावी. मूळ रानात मात्र ती रोपे लावू नयेत, कारण तेथे ती उरल्यासुरल्या शुद्ध बीजप्रसाराच्या वाटेत येतील.

दुर्मीळपणाच्या तऱ्हा किती वेगळ्या असतात, हे समजण्यासाठी टास्मानियातील मॉरिस्बी निलगिरीकडे पाहावे. १९३९ मध्ये वर्णन झालेली ही जात होबार्टजवळच्या दोनच टेकड्यांवर नैसर्गिकरीत्या वाढत होती. त्यांतील मोठ्या समूहात एकेकाळी सुमारे दोन हजार झाडे होती, म्हणजे परागाची ददात नव्हती. अलीकडच्या काही दशकांत कोरडी वर्षे, कोवळी पालवी ओरबाडणारे पॉसम (झाडांवर राहणारे लहान पिशवीधारी प्राणी) आणि पाने खाणारे भुंगेरे या तिघांनी मिळून तो समूह इतका खालावला की मोठी झाडे मोजकीच उरली. तेथे उपाय सरळ होते: रोपांभोवती जाळ्या लावणे, बी गोळा करणे आणि नव्या जागी बागा उभारणे. मोंगर्लो मॅलीला जाळी लावून काय होणार? तिच्या झुडपांचा घास कुणी घेत नसला, तरी ती जागच्या जागी थांबलेलीच आहेत. संरक्षणाचा एकच साचा सगळ्या दुर्मीळ वनस्पतींना लावता येत नाही, हे सरकारी आराखडे वाचताना मला नेहमी जाणवते. सुदैवाने प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना ते माहीत असते.

बाहेरून येणारे धोकेही आहेतच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कायद्याप्रमाणे आणि न्यू साउथ वेल्सच्या कायद्याप्रमाणे ही जात अतिसंकटग्रस्त ठरवलेली आहे, पण कायद्याचा कागद मातीतल्या बुरशीला अडवत नाही. मुळे कुजवणारा फायटॉफ्थोरा नावाचा रोगकारक जीव चिखलाबरोबर बुटांना आणि गाड्यांच्या चाकांना चिकटून पसरतो. पाणी लवकर न मुरणारी जमीन त्याला फार मानवते, आणि मॅलीची जमीन नेमकी तशीच आहे. २०१० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये प्रथम आढळलेला मर्टल रस्ट हा तांबेरा निलगिरीच्याच कुळावर चालून येतो आणि कोवळ्या पालवीवर पिवळी भुकटी धरतो. जळाल्यानंतर फुटणारे कोवळे धुमारे ही त्याला आयतीच मेजवानी. २०१९ च्या शेवटी पेटलेला करोवानचा वणवा ७४ दिवस धुमसत होता आणि त्याने सुमारे पाच लाख हेक्टर रान जाळले. त्या उन्हाळ्यात मोंगर्लोच्या परिसरालाही आगींनी घेरले होते. वणवा हा मॅलीचा जुना परिचयाचा पाहुणा आहे. तरीही दोन वणव्यांमधील अंतर कमी होत गेले, तर गड्ड्यातला साठा पुन्हा भरायला वेळ मिळत नाही, आणि रिकाम्या कोठारावर किती वेळा फुटायचे याला मर्यादा आहे.

या झुडपांच्या जागा जाहीर केल्या जात नाहीत. काही झुडपे खासगी जमिनीवर आहेत आणि जमीनमालकांच्या सहकार्यावरच त्यांचे संरक्षण अवलंबून आहे. १९९४ मध्ये सापडलेल्या वोलेमी पाइन या अतिदुर्मीळ सूचिपर्णी वृक्षाच्या दरीची जागा अशीच गुप्त ठेवलेली आहे, तरीही तेथे परवानगीशिवाय गेलेल्या लोकांच्या पावलांबरोबर फायटॉफ्थोरा पोहोचला, असे मानले जाते. त्यामुळे ‘मला एकदा ते झाड पाहायचे आहे’ ही इच्छा कितीही निर्मळ असली, तरी ती आवरायला हवी, असे माझे मत आहे. ज्यांना अशा रानाचा स्वभाव जाणून घ्यायचा आहे, त्यांनी बुटक्या सुरूचे कोणतेही झुडपी रान पाहावे, जाण्यापूर्वी आणि परतल्यावर बूट घासून स्वच्छ करावेत आणि पायवाट सोडू नये.

हाताने परागण करून मिळालेली रोपे लावायची कोठे, हा पुढचा प्रश्न. मूळ झुडपाशेजारी लावली तर जागा योग्य मिळते, पण सगळी अंडी पुन्हा त्याच विखुरलेल्या टोपल्यांत राहतात. शिवाय थंडीची आवड असलेल्या झाडासाठी पठार दरवर्षी थोडे थोडे उबदार होत आहे. वनस्पतिउद्यानात लावली तर देखभाल होते, पण निकस माती, साचणारे पाणी आणि बुटक्या सुरूची सोबत यांतून जी निवड होते ती तेथे होत नाही. मला विचाराल तर त्याच खोऱ्यात, थोड्या अधिक उंचीवर, अशाच उथळ मातीच्या दोन-तीन जागा शोधाव्यात. तेथे वेगवेगळ्या आईबापांची रोपे एकाच कुंपणात, एकमेकांपासून काही मीटरवर मिसळून लावावीत. वॉलबी (लहान कांगारू) आणि ससे यांच्यापासून पहिली काही वर्षे जाळी हवीच, कारण गड्डा पुरेसा भरेपर्यंत रोप एका खुडण्यानेही मरू शकते. मोठ्या बाटल्यांनी पाणी घालून रोपे लाडावू नयेत. मुळांना त्या जमिनीची सवय लागू द्यावी. फुले यायला बरीच वर्षे जातील. त्यानंतर परागाची पुरचुंडी घेऊन पठारभर फिरण्याचे काम माणसाकडे उरणार नाही, कारण शेजारच्या झुडपापर्यंतचे ते काही मीटर कोणतीही साधी माशी ओलांडू शकते.